क्रोस्तिनी : पातळ काप, मंद आच

पावाचे पातळ, लहान काप कडक भाजायचे आणि त्यांवर काहीतरी चविष्ट पसरून दोन घासांत संपवायचे, ही झाली क्रोस्तिनी. मध्य इटलीतल्या तोस्काना प्रांतात जेवणाची सुरुवात होते ती याच पदार्थाने, आणि आता जगभरच्या पार्ट्यांमध्ये तो दिसतो. कृती सांगायला पाच वाक्ये पुरतात. तरीही पार्टीच्या ताटातली क्रोस्तिनी बऱ्याचदा वातड निघते, नाहीतर खालून ओली होऊन हातातच मोडते. आणि हौसेने बांधून दिलेला डबा चार दिवसांत सादळतो. चूक बहुतेक वेळा चवीत नसते, ती पाण्याच्या हिशेबात असते. पावातले पाणी किती आणि कसे बाहेर काढले, आणि वरच्या सारणातले पाणी किती वेळ त्याच्यापासून लांब ठेवले, एवढ्यावर हा पदार्थ उभा आहे.

हॉटेलांच्या मेन्यूकार्डांवर क्रोस्तिनी आणि ब्रुस्केत्ता यांची सर्रास सरमिसळ होते. ब्रुस्केत्तासाठी जाडजूड, खेडवळ पावाची मोठी फोड निखाऱ्यावर भाजतात, तिच्यावर लसूण घासतात आणि वरून ऑलिव्ह तेल ओततात. बाहेरून खरपूस आणि आत मऊ हीच तिची खूण. तोस्कानात नव्या हंगामाचे तेल घाण्यावरून आले की नोव्हेंबरात असाच एक प्रकार करतात, त्याला ‘फेत्तुन्ता’ म्हणतात. त्यात टोमॅटोही नसतो, फक्त भाजलेला पाव, लसूण, मीठ आणि तेल. क्रोस्तिनी यांच्यापेक्षा लहान आणि पातळ असते. ब्रुस्केत्ता खाताना चव पाहायची असते ती पावाची आणि तेलाची. क्रोस्तिनीत मान वरच्या सारणाला, पाव फक्त त्याला उचलून धरतो. म्हणूनच तो कडक हवा.

तोस्कानाचा पाव अळणी असतो. पीठ, पाणी आणि आंबवण, बस्स. मीठ अजिबात नाही. या पावाला, ‘पाने तोस्कानो’ला, २०१६ साली युरोपीय संघाने उगमस्थानाचे संरक्षित नाव दिले. बाहेरच्या माणसाला तो पहिल्या घासाला बेचव लागतो, पण खारवलेले मांस, खारट पेकोरिनो चीज आणि झणझणीत सारणे यांच्यासोबत त्याचा अळणीपणा कामाला येतो. शिळा पाव टाकायचा नाही, हा तिथल्या स्वयंपाकाचा जुना नेम. भाज्या आणि घेवड्याच्या रश्शात शिळा पाव शिजवून ‘रिबोल्लिता’ होते, टोमॅटोत शिजवून ‘पाप्पा अल पोमोदोरो’, आणि उन्हाळ्यात पाण्यात भिजवून, पिळून, काकडी-कांद्यात कालवून ‘पान्झानेल्ला’. आपल्याकडे रात्रीच्या उरलेल्या पोळीची सकाळी फोडणीची पोळी होते, तोच हा संसारी हिशेब. क्रोस्तिनीही याच घरातली आहे. फरक इतकाच की ती पुढे सणासुदीच्या आणि लग्नाच्या ताटात जाऊन बसली.

तिथल्या सणाच्या ताटातली मानाची क्रोस्तिनी कोंबडीच्या कलेजीची असते. रंगावरून तिला ‘क्रोस्तिनी नेरी’, म्हणजे काळी क्रोस्तिनी, म्हणतात. बारीक चिरलेला कांदा लोणी आणि ऑलिव्ह तेलात मंद आचेवर मऊ करतात. त्यात साफ केलेली कलेजी परततात, रंग बदलला की ‘विन सान्तो’ ही गोडसर वाइन शिंपडून आटवतात. मग खारवलेले अँकोव्ही मासे आणि केपरच्या आंबट-खारट कळ्या घालून सगळे पाटावर घेतात आणि दोन मुठींच्या अर्धचंद्राकृती सुरीने चिरत राहतात. मिक्सरमधून काढले की त्याची गुळगुळीत पेस्ट होते आणि मजा जाते. दाणा राहिला पाहिजे. शेवटी ते पुन्हा कढईत घालून थोड्या सूपाने सैल करतात आणि लोण्याचा एक गोळा घालून गरम गरम पावावर पसरतात. गंमत अशी की पुष्कळ घरांत याच क्रोस्तिनीचा भाजलेला पाव एका बाजूने सूपात क्षणभर बुडवून घेतात. म्हणजे पाव कडकच असला पाहिजे हा नियम खुद्द तोस्कानाची आजी मोडते! पण ती कढईतून थेट ताटात वाढते आणि लोक तिथल्या तिथे खातात. दोन तास चालणाऱ्या पार्टीत तेच करून चालणार नाही.

पेल्लेग्रिनो आर्तुझी यांनी १८९१ साली फ्लॉरेन्समध्ये स्वतःच्या खर्चाने छापलेल्या ‘ला शिएन्सा इन कुचीना ए लार्ते दि मान्जार बेने’ या ग्रंथाला इटालियन घरगुती स्वयंपाकात प्रमाण मानतात. त्यातही क्रोस्तिनीच्या कृती आहेत: कलेजीच्या, केपरच्या, ट्रफलच्या. टोमॅटो आणि तुळशीची क्रोस्तिनी आज जगभर सर्वांत ओळखीची असली, तरी जुन्या इटालियन घरांत तिला पहिली खुर्ची नव्हती, हे यावरून लक्षात येते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे. पाव निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: साल कडक आहे का, आतली जाळी घट्ट आहे का, आणि पिठात साखर-तूप किती आहे. इटलीबाहेर क्रोस्तिनीसाठी बहुतेक जण ‘बागेत’ हा फ्रेंच पाव वापरतात. साधारण ६० सेंटिमीटर लांब, ५-६ सेंटिमीटर जाड आणि २५० ग्रॅम वजनाचा हा दांडा जणू कापण्यासाठीच घडवलेला असतो. महाराष्ट्रातल्या शहरांत तो मोठ्या बेकऱ्यांत मिळतो. नाहीतर ‘फ्रेंच लोफ’ किंवा ‘गार्लिक लोफ’ या नावाने मिळणारा साधा लांब पाव चालतो. मुंबईच्या इराणी हॉटेलांतला ब्रून पावही चांगला, कारण त्याची साल खरोखरच कडक असते. त्याचे गोल काप निघत नाहीत, एवढेच. लादीपाव आणि पाकिटातला स्लाइस ब्रेड या कामाला सर्वांत कमी उपयोगाचे. त्यांत साखर आणि स्निग्ध पदार्थ असल्यामुळे रंग लवकर चढतो, पण आतला ओलावा तसाच राहतो. दुसरे काहीच नसेल तर लादीपाव वापरावा, पण आच कमी ठेवून आणि दुप्पट वेळ देऊन. फार मोठी भोके असलेला पावही नको. सारण भोकातून खाली गळते आणि पाहुण्यांचे कपडे खराब होतात.

पाव आदल्या दिवशीचा असावा. ताजा पाव सुरीखाली दबतो आणि काप वेडेवाकडे येतात. इथे एक समज दूर करायला हवा: पाव शिळा होतो म्हणजे वाळतो, असे नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ साली दाखवून दिले की पाणी अजिबात उडू दिले नाही तरी पाव शिळा होतो, आणि पुन्हा नीट गरम केला की मऊही होतो. भट्टीत फुगलेला स्टार्च थंड होताना हळूहळू पुन्हा स्फटिकासारखी रचना धरतो, त्यामुळे पाव ताठ होतो. ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने चालते, म्हणून पाव फ्रिजमध्ये ठेवण्यात शहाणपण नाही. एकतर बाहेर कापडात गुंडाळावा किंवा सरळ फ्रीझरमध्ये टाकावा. शिळा पाव कापायला सोपा असतो, पण त्यात पाणी जवळपास ताज्याइतकेच असते. ते काढण्याचे काम भाजण्यानेच होते.

कापायला दातेरी सुरी हवी. ती दाबायची नाही, करवतीसारखी पुढेमागे चालवायची. काप तिरके घेतले तर लांबट, पानाच्या आकाराचे निघतात आणि त्यांवर सारण जास्त मावते. जाडी एक सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी. भेटीसाठी किंवा नुसते खाण्यासाठी असतील तर अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत खाली यायला हरकत नाही. जाडीचा आकडा एकवेळ थोडा इकडेतिकडे चालेल, पण सगळे काप सारखे हवेत. एका ताटात जाड-बारीक काप असले की बारीक करपेपर्यंत जाड कच्चेच राहतात, आणि मग कितीही लक्ष दिले तरी उपयोग होत नाही. एका दांड्यातून ४० ते ५० काप सहज निघतात.

तेल ब्रशने लावावे. ४० कापांना दोन्ही बाजूंनी साधारण ६० ते ८० मिलिलिटर, म्हणजे चार-पाच मोठे चमचे. तेलाने पृष्ठभागावर उष्णता सारखी पोचते, रंग एकसारखा येतो आणि वरच्या सारणातला ओलावा थोडा थोपवला जातो. पण तेल ओतून पाव भिजवला तर तो तळल्यासारखा जड लागतो. इटलीत अर्थातच एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल वापरतात. ते महाग आहे आणि त्याचा गंध ओव्हनच्या उष्णतेत बराचसा उडून जातो. म्हणून भाजताना साधे ऑलिव्ह तेल किंवा शेंगदाण्याचे रिफाइंड तेल वापरून, वाढताना वरून दोन थेंब चांगले तेल सोडणे हा व्यवहारी मार्ग. मीठ तेलातच चिमूटभर घालावे. पावात आधीच मीठ असते आणि सारणही खारट असते, हे विसरू नये.

भाजण्याचे दोन मार्ग आहेत, आणि त्यांतली निवड क्रोस्तिनी कधी खायची यावर ठरते. त्याच संध्याकाळी खायची असेल तर ओव्हन १९० अंश सेल्सिअसला तापवून काप ८ ते १० मिनिटे भाजावेत, मध्ये एकदा उलटावेत. कडा सोनेरी, मध्यभाग फिकट आणि आत किंचित चिवटपणा राहतो. सारणासोबत तो छान लागतो. पण हेच काप डब्यात भरले तर दुसऱ्या दिवशी वातड होतात. त्याचे कारण साधे आहे. पावातले पाणी उडेपर्यंत त्याचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. पृष्ठभाग आधी कोरडा होतो, मग १४० अंशांच्या पुढे तिथे रंग आणि खमंग वास देणारी मायार प्रक्रिया वेग घेते. फ्रेंच वैद्यकतज्ज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून हे नाव. आच मोठी असली की बाहेर रंग येऊन जातो आणि आतले पाणी तसेच अडकते. डब्यात ते निवांतपणे सालीकडे सरकते आणि कडक साल मऊ पडते.

टिकवायची क्रोस्तिनी म्हणूनच मंद आचेवर वाळवायची असते. ओव्हन १५० अंशांवर, वेळ २५ ते ३० मिनिटे, अर्ध्या वेळेत ताट फिरवून काप उलटायचे; नंतर ओव्हन बंद करून दार बोटभर उघडे ठेवायचे आणि काप आतच गार होऊ द्यायचे. झाले की नाही हे रंगावरून कळत नाही. एक काप गार करून मधोमध मोडावा. टचकन आवाज होऊन सरळ तुटला तर ठीक. वाकून मग तुटला तर अजून दहा मिनिटे हवीत. गरम असताना ही परीक्षा घेऊ नये, कारण गरम काप नेहमी मऊच वाटतो. काट्यावर वजन करणाऱ्यांसाठी आणखी खात्रीचा उपाय आहे: तेल लावण्याआधी कापांचे जे वजन होते त्यातला चौथा ते तिसरा हिस्सा पाणी म्हणून निघून गेला पाहिजे. तेलाचे वजन धरूनच हा हिशेब करावा, नाहीतर फसगत होते.

ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाच्या तव्यावर मंद गॅसवर काप पसरून, दर बाजूला पाच-सहा मिनिटे, अधूनमधून हलके दाबत भाजता येतात. ही क्रोस्तिनी त्या दिवसापुरती उत्तम, साठवणीला नाही. पापड भाजायच्या जाळीवर थेट ज्योतीवर धरला तर पावाला निखाऱ्याच्या जवळ जाणारा धुरकट वास येतो. मात्र आधी तेल लावू नये, ते पेट घेते. एअर फ्रायरमध्ये १६० अंशांना सहा-आठ मिनिटे पुरतात, पण पंख्याच्या झोताने पातळ काप आत उडतात आणि एकावर एक चढून बसतात. त्यांवर लहान जाळी ठेवली की प्रश्न मिटतो.

लसूण लावायची पद्धत इथे जरा सविस्तर सांगायला हवी, कारण बहुतेक जण लसूण किसून तेलात घालतात आणि भाजताना तो करपून कडू होतो. इटालियन घरात काप भाजून बाहेर आले की सोललेल्या लसणीची पाकळी आडवी कापतात आणि कापलेली बाजू गरम पावावर घासतात. भाजलेल्या पावाचा खडबडीत पृष्ठभागच किसणीचे काम करतो. पाकळी पाहता पाहता झिजते, तिचा रस खाचांत उतरतो आणि उष्णतेने वास लगेच वर येतो. एक पाकळी सात-आठ कापांना पुरते. दोनदा घासले की पुरे. चार वेळा घासले तर पाहुण्यांना रात्रभर लसणीची आठवण राहते.

सारणांत इटलीचा आवाका मोठा आहे. सिएनाकडे गुरांच्या प्लीहेचे सारण करतात, अपुआन आल्प्सच्या कोलोन्नाता गावात संगमरवराच्या कुंडांत मुरवलेल्या डुकराच्या चरबीची पातळ पापडी गरम कापावर वितळू देतात, आणि कुठे कच्चे सॉसेज स्त्राक्किनो या मऊ चीजमध्ये कालवून पावासकट भट्टीत घालतात. शाकाहारी घरासाठी सर्वांत भरवशाचे आणि सर्वांत तोस्कानी म्हणता येईल असे सारण पांढऱ्या घेवड्याचे. फ्लॉरेन्सच्या लोकांना शेजारचे थट्टेने घेवडेखाऊ म्हणत आले आहेत. वाटीभर पांढरा राजमा रात्रभर भिजवून, दोन लसूण पाकळ्या आणि सेजची पाने घालून कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवावा. पाणी निथळून वेगळे ठेवावे. दाणे चमच्याने अर्धवट ठेचावेत, त्यात दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, लिंबू, मीठ, भरपूर मिरपूड, आणि लागेल तसे ते ठेवलेले पाणी. इटलीतला कॅनेलिनी आणि साताऱ्याच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे, दोन्हींचे मूळ अमेरिका खंडात. त्यामुळे वाघ्या घेवड्याची क्रोस्तिनी ही काही ओढूनताणून केलेली सोयरीक नाही. रंग मात्र पांढरा येणार नाही. सेज मिळाले नाही तर रोझमेरीची काडी घालावी, तीही नसेल तर काहीच घालू नये. कढीपत्ता घातला की पदार्थ चांगला होतो पण वेगळाच होतो.

टोमॅटोचे सारण दिसायला सोपे आणि बिघडवायलाही तितकेच सोपे. आपल्याकडचा गावरान टोमॅटो रसाळ. तो चिरून सरळ पावावर घातला की दहा मिनिटांत खाली तळे साचते. बिया काढून, बारीक चिरून, मीठ लावून चाळणीत १५-२० मिनिटे निथळत ठेवावा. सुटलेले पाणी आमटीत जाऊ द्यावे. मग तेल, मिरपूड आणि हाताने तोडलेली इटालियन तुळस, म्हणजे बेसिल. अंगणातल्या तुळशीचा वास लवंगेकडे झुकणारा असल्याने ती इथे चालत नाही. मशरूम घ्यायचे तर ते मोठ्या आचेवर, थोडेथोडे करून परतावेत. कढई गच्च भरली की मशरूम स्वतःच्याच पाण्यात शिजतात. रिकोत्ता सहज मिळत नाही, पण ताजे पनीर थोड्या दुधासोबत मिक्सरमधून फिरवले की त्याच्या पुष्कळ जवळ जाते. त्यावर मध, अक्रोड आणि मिरपूड घालून इटालियन लोक खातात तशी गोड क्रोस्तिनी होते. पुरंदरच्या अंजिरांच्या हंगामात मधाऐवजी अंजिराची फोड ठेवावी. चक्काही चालतो, मात्र तो श्रीखंडासाठी बांधतो तसा घट्ट बांधलेला हवा.

पार्टीत क्रोस्तिनी बिघडते ती मांडणीत. आधी रचून ठेवलेले ताट फोटोत छान दिसते, पण अर्ध्या तासात पाव मऊ पडू लागतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे पाव आणि ओल्या सारणाच्या मध्ये स्निग्ध थर देणे: लोणी, मऊ चीज, पनीर. चरबी पाण्याला अडवते आणि वीस-पंचवीस मिनिटांची सवलत मिळते. दुसरा उपाय अधिक चांगला. कडक काप एका टोपलीत, तीन-चार सारणे वाट्यांत, प्रत्येकीत चमचा, आणि पाहुण्यांनी आपापले वाढून घ्यायचे. यजमानाचा वेळ वाचतो, उरलेले काप कोरडेच राहतात, आणि कांदा-लसूण न खाणारे, मांसाहार न करणारे, दूध न चालणारे सगळे एकाच टेबलावर जेवू शकतात.

प्रमाणाचा अंदाज असा: पुढे पूर्ण जेवण असेल तर माणशी तीन-चार काप, आणि क्रोस्तिनी हेच मुख्य खाणे असेल तर सहा-आठ. एका कापाला १० ते १५ ग्रॅम सारण लागते, म्हणजे ४० कापांना सगळी सारणे मिळून साधारण अर्धा किलो. तीनपेक्षा जास्त प्रकार करण्यात अर्थ नसतो. एक घट्ट, एक आंबट-रसदार आणि एक दुधाचे किंवा गोड, एवढ्यात ताट भरते. दूध, मांस, मासे किंवा शिजवलेल्या कडधान्याची सारणे बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि खोलीचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासातच फ्रिजमध्ये परत पाठवावीत. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर पार्टी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. वाट्या छोट्या ठेवून पुन्हा पुन्हा भरणे हाच त्यावर सोपा तोडगा.

भेटीसाठी द्यायची क्रोस्तिनी हा जरा निराळा विषय आहे. तोस्कानात बांधून द्यायचा भाजलेला पदार्थ म्हणजे प्रातो शहराची बदाम घातलेली बिस्कोत्ती; तिथल्या अंतोनियो मात्तेई यांच्या १८५८ साली सुरू झालेल्या दुकानाने ती नावारूपाला आणली. एकदा भाजायचे, कापायचे आणि पुन्हा भाजून पाणी घालवायचे, हे तिचे तंत्र. साठवणीची क्रोस्तिनी नेमके तेच करते, फक्त पहिले भाजणे बेकरीवाल्याने केलेले असते. भेटीचे काप पातळ घ्यावेत, १५० अंशांवर पूर्ण वाळवावेत आणि त्यांना स्वतःची चव द्यावी: वाळलेली रोझमेरी, भरडलेली मिरी, तीळ, ओवा, लाल मिरचीचे तुकडे. ताजा लसूण इथे वर्ज्य. तो ओला असतो आणि घासलेल्या जागी काप सादळतो. लसणीची चव हवीच असेल तर लसणीची पूड तेलात कालवून त्याच वेळी वापरून टाकावी. किसलेले चीज लावून भाजलेले काप मोहक दिसतात, पण आठवड्याभरात संपवायचे असतील तरच तसे करावे.

दिवाळीची भेट म्हणून या पदार्थाचा विचार करायला एक पक्के कारण आहे. पाऊस संपलेला असतो, हवा कोरडी होऊ लागते, आणि गोडाच्या डब्यांच्या राशीत एखादा खारा डबा घरोघर हवाच असतो. तोच डबा ऑगस्टमध्ये कोकणात दिला तर दुसऱ्या दिवशी मऊ पडेल. काप पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नयेत. कोमट काप भरले की डब्याच्या झाकणाला आतून घाम फुटतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. आधी अन्नासाठीच्या जाड पिशवीत हवा काढून बंद करावे, मग ती पिशवी पत्र्याच्या डब्यात. काप आडवे रचण्यापेक्षा उभे, एकमेकांना टेकून ठेवले तर प्रवासात कमी मोडतात. राहिलेल्या जागेत चुरगळलेला बटर पेपर भरावा. फराळाच्या डब्यात लाडवांशेजारी ठेवू नयेत, कारण लाडवाचा ओलावा आणि तुपाचा वास दोन्ही कापांत उतरतात. अशी क्रोस्तिनी साधारण दोन आठवडे चांगली राहते. त्यापुढे ती कडक राहिली तरी तेलाला खवट वास येऊ लागतो, आणि उन्हाळ्यात तो आणखी लवकर येतो. म्हणून डब्यावर केल्याची तारीख आणि ‘मऊ वाटल्यास १५० अंशांवर पाच मिनिटे गरम करावे’ एवढी चिठ्ठी चिकटवावी. भेटीपुढे जाऊन विकायचे ठरवले तर मात्र अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते.

डब्यासोबत सारणाची बरणी देण्याची पद्धत आहे, आणि खरी काळजी इथेच घ्यायची असते. तेलात बुडवलेला लसूण, तेलातली भाजलेली मिरची, घरी केलेला पेस्तो असल्या बरण्या सुंदर दिसतात. पण लसूण जमिनीत वाढतो, त्याच्यावर बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेलाखाली हवा पोचत नाही, आंबटपणा नसतो, आणि खोलीचे तापमान त्या जिवाणूला मानवते. तो जे विष तयार करतो त्याला रंग, वास, चव काही नसते. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका उपाहारगृहात तेलातला चिरलेला लसूण फ्रिजबाहेर ठेवला गेला आणि तिथे जेवलेल्या तीसहून अधिक लोकांना बॉट्युलिझम झाला. आपल्या लोणच्यात लसूण टिकतो तो मीठ आणि आंबटपणामुळे. नुसत्या तेलात ते संरक्षण नसते. भेटीच्या बरणीत म्हणून आंबट-गोड वस्तूच द्याव्यात: व्हिनेगर आणि साखरेत शिजवलेला कांद्याचा जॅम, व्हिनेगर घातलेली टोमॅटोची चटणी, किंवा सरळ मधाची छोटी बाटली नाहीतर दुकानातली सीलबंद ऑलिव्हची बरणी. चटणी-जॅम घरचे असतील तर तेही फ्रिजमध्येच ठेवायला सांगावे. घेवड्याचे सारण किंवा पेस्तो द्यायचाच असेल तर तो त्याच दिवशी केलेला, थंड, हातोहात पोचवलेला आणि दोन-तीन दिवसांत संपवायच्या सूचनेसह असावा.

डब्याच्या तळाशी चुरा आणि मोडके तुकडे उरतातच. मोठे तुकडे टोमॅटोच्या सारात किंवा सूपात वाढताना घालावेत. बारीक चुरा थोड्या तेलात, लसणीवर, खरपूस परतून पास्त्यावर भुरभुरतात; दक्षिण इटलीत ज्यांना चीज परवडत नसे त्या घरांत हा चुराच चीजच्या जागी असे, आणि सार्डिन घातलेल्या सिसिलीच्या पास्त्यावर तो आजही आवर्जून घालतात. फक्त वापरण्याआधी हुंगून पाहावा. सादळलेला चुरा तव्यावर पुन्हा कडक होतो, पण तेल खवट झाले असेल तर त्याला काही उपाय नाही, तो टाकून द्यावा.